पिवळ्या डिशचं शेपूट

माझ्या भाचीने मला अख्खी सकाळ गप्प बसवलं, यावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास बसत नाही. माझ्या गोष्टींतला बोटीमागे पोहत आलेला बैल त्यांनी पदरात घेतला, शिंकेसरशी कारखाना थांबवणारा फोरमन निम्मा तरी मान्य केला, पण हे नाही. माझी बहीण तर म्हणाली, "दादा, थाप मारायची तर अंगाला बसेल अशी मार."

तर झालं असं. भाची जिन्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. एरवी डाव्या हाताने तिने निभावलं असतं, पण दोन दिवसांवर तिची परीक्षा होती आणि परीक्षा घेणार होत्या तिच्या सासूबाई. म्हणजे माझ्या विहीणबाई. दोघी एकाच लॅबमध्ये कामाला.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मामा, मला दोन हात हवेत. लॅबमधलं कुणी चालणार नाही. माझ्या बाजूचं घेतलं तर सासूबाई आक्षेप घेतील, त्यांच्या बाजूचं घेतलं तर मी घेईन. ज्याला यातलं काही म्हणजे काही कळत नाही, असा माणूस पाहिजे."

"मग अगदी योग्य दारात आलीस," मी म्हटलं.

"एकच अट आहे. तोंड उघडायचं नाही."

"कधीपासून?"

"यंत्राचं झाकण उघडल्यापासून."

आता यंत्र काय ते सांगायला हवं. शिवणयंत्राच्या पेटीएवढं एक करडं धूड, मधोमध तिळाएवढा हिरा. खरा हिरा बरं का! पण अंगठीत घालावा असा नाही, खिडकीच्या काचेसारखा सपाट बसवलेला. त्या हिऱ्यावर पेशींचा थेंब ठेवायचा आणि खालून उजेड सोडायचा. उजेडही कसला, तर डोळ्याला न दिसणारा. गरम इस्त्रीजवळ हात नेला की कातडीला कळतो ना, तसला. अवरक्त म्हणतात त्याला. पेशीच्या आत जे काही असतं त्याच्या प्रत्येक सांध्याची आपापली थरथर असते, आणि जो तो आपल्या थरथरीपुरता उजेड गिळतो. बाकीचा परत येतो. ताटात काय उरलंय ते पाहून आधी कोण जेवून गेलं हे माझी बहीण अचूक सांगते. यंत्राचंही तसंच. काय गिळलं गेलं त्याचा आलेख पडद्यावर उमटतो, डोंगररांगेसारखा.

त्या रांगेतलं एक शिखर भाचीचं लाडकं. ते डीएनएचं. डीएनए म्हणजे पीळ दिलेली दोराची शिडी. शिडी शाबूत असली की ऐसपैस उभी राहते आणि शिखर आपल्या जागेवर असतं. शिडी मोडली की ती अंग चोरून बसते आणि शिखर जरासं बाजूला सरकतं. ते सरकणं बघायचं आणि पेशी बिघडली आहे की नाही ते सांगायचं, एवढाच भाचीचा धंदा. पेशीला धक्का लागत नाही, रंग लावावा लागत नाही, डबा खाऊन होईपर्यंत उत्तर हातात.

विहीणबाईंना हे पटत नव्हतं. त्या तिथल्या पेशीविभागाच्या प्रमुख, आणि पाठीमागे त्यांना सगळे शेपूटवाल्या बाई म्हणत. त्यांची रीत जुनी आणि पक्की. पेशी जेलीत बसवायच्या, फोडायच्या, त्यातून वीज सोडायची. शाबूत डीएनए गोळा होऊन जागच्या जागी राहतो. मोडलेल्याचे तुकडे विजेच्या ओढीने बाहेर घरंगळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धूमकेतूसारखं शेपूट दिसतं.

"शेपूट दिसलं तर बिघाड. नाही दिसलं तर नाही," त्या म्हणायच्या. "तुझं शिखर सरकलं म्हणे! माझी बसायची खुर्चीसुद्धा रोज सरकते. म्हणून मी बिघडले का?"

एवढ्यावर भागलं असतं तर घरच्या घरात राहिलं असतं. पण खालच्या मजल्यावरच्या रंगखात्याला तेच यंत्र हवं होतं, रंगात कोण काय भेसळ करतं ते पाहायला. मोठ्या साहेबांनी निवाडा विहीणबाईंवर सोपवला. त्यांनी सहा डिश द्यायच्या. त्यातल्या काही अतिनील दिव्याखाली भाजून बिघडवलेल्या, काही न भाजलेल्या. कुठल्या कुठल्या, ते त्यांच्या डोक्यात. भाचीने सहाही ओळखल्या तर यंत्र वर राहणार. एक जरी चुकली तरी खाली जाणार. आणि यंत्र गेलं की भाची विहीणबाईंच्या हाताखाली जेली ओतायला. घरी सासू, कामावरही सासू! जावईबापूंनी त्या दिवशी परगावचं काम काढलं होतं, यावरून काय ते समजा.

आदल्या दिवशी आम्ही रंगीत तालीम केली. मी झाकण उघडलं, थेंब ठेवला, झाकण लावलं. भाचीने पडदा माझ्याकडे वळवला. डोंगररांगेच्या एका बाजूला बाभळीसारखे काटेच काटे.

"हे काय?"

"हा तू. तुझ्या श्वासातली वाफ."

"सगळा मीच?"

"हा एवढा पट्टा तुझा खोकला. आणि हे जंगल दिसतंय ना, तिथे तू 'एकदा काय झालं' म्हणालास."

"पुढचं तर मी सांगितलंच नाही!"

"नशीब माझं."

तोंडाची वाफ दवडू नकोस, असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं. पण ती वाफ मोजून, काटे काढून कुणी दाखवली नव्हती. मी चाट पडलो. भाचीने मात्र धसका घेतला. यंत्राच्या पोटात सुकी हवा सोडायचा एक नळ होता. रोज ती तो जेमतेम उघडायची. परीक्षेच्या दिवशी आल्याआल्या तिने तो पूर्ण सोडला. मांजर चिडल्यासारखा फिस्स आवाज यायला लागला.

"आता तू चुकून शिंकलास तरी चालेल," ती म्हणाली. "पण शिंकू नकोस."

विहीणबाई आल्या. इस्त्रीचा पांढरा कोट, हातात ट्रे, ट्रेमध्ये सहा डिश, प्रत्येकीवर एका रंगाचा ठिपका. लाल, निळा, पिवळा, हिरवा, जांभळा, पांढरा. त्यांच्या मागोमाग रंगखात्यातला एक तगडा माणूस ट्रॉली ढकलत आला आणि दारात उभा राहिला. ट्रॉलीवर त्याने जुनी चादरसुद्धा अंथरून आणली होती, यंत्राला ओरखडा नको म्हणून. माणूस भला होता, पण मला ती चादर बघवेना.

"अहो मामा, तुम्ही?" विहीणबाई म्हणाल्या. "आज काय ऐकवणार?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"बरं वाटत नाहीये का यांना?" त्यांनी भाचीला विचारलं.

परीक्षा सुरू झाली. मी थेंब ठेवायचा, भाचीने आलेख घ्यायचा, मी हिरा पुसायचा, पुन्हा पुढचा थेंब. लाल झाली, शिखर सरकलेलं. निळी, सरकलेलं. भाची खुशीत होती. पिवळी, सरकलेलं. हिरवी, सरकलेलं. भाचीची मान किंचित पुढे आली. जांभळी. पांढरी. सहाच्या सहा सरकलेली!

विहीणबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. "मी सगळ्याच काही भाजलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "एवढं सांगते. जास्त सांगणार नाही."

"मी अजून उत्तर दिलेलं नाही, मॅडम." घरी आई म्हणत असली तरी लॅबमध्ये ती त्यांना मॅडमच म्हणायची.

"दे की सावकाश. ट्रॉलीला कुठे गाडी पकडायची आहे?"

भाची फळ्याकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून डाव्या हाताने वाकडीतिकडी शिखरं काढत उभी राहिली. घाबरलेली नव्हती. लहानपणी हरवलेली चावी शोधताना ती अशीच खोलीच्या मधोमध उभी राहायची, एकही कप्पा न उघडता. इकडे पांढऱ्या डिशचा थेंब हिऱ्यावर तसाच, झाकण उघडं, मी त्यावर वाकलेला, आणि यंत्र आपलं मोजतंच आहे.

तेवढ्यात ट्रॉलीवाला हळूच म्हणाला, "मामा, शिंकणाऱ्या फोरमनची गोष्ट सांगता ते तुम्हीच का? आमच्या खात्यात फार नाव आहे हो तिचं."

आता मला सांगा, माणसाने काय करावं? सकाळपासून गोष्ट पोटात उकळत होती. झाकण उडालं.

"अरे, तो फोरमन म्हणजे काय साधा माणूस!" मी कुजबुजलो. "कारखान्यातली सगळी यंत्रं एका पट्ट्यावर चालायची आणि त्या पट्ट्याला ब्रेकच नव्हता. मालक महाकंजूष. म्हणाला, ब्रेक कशाला, आपला फोरमन आहे ना! फोरमन शिंकला की पट्टा जागच्या जागी थांबायचा. त्याच्या टेबलावर दोरीला मिरपुडीची पुडी टांगलेली. भोंगा झाला की पुडी हुंगायची, आ... आ... आणि—"

"मामा!"

मी दचकून तोंड मिटलं. भाची पडद्यासमोर उभी होती.

"चुकलो गं. एकच वाक्य—"

"गप्प का बसलास? बोल!"

"काय?"

"बोल म्हणते ना! तिथेच वाकून बोल, थेंबावर!"

उभ्या आयुष्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या लग्नातसुद्धा नाही. मी हिऱ्यावर वाकलो आणि फोरमनला पुन्हा मिरपूड हुंगवली. पडद्यावर सरकलेलं शिखर हलायला लागलं. रुसून कोपऱ्यात बसलेलं मूल हाक ऐकून उठावं तसं आलं, आलं, आणि आपल्या मूळ जागेवर उभं राहिलं.

"आली!" भाची म्हणाली. "पांढरी शाबूत आहे."

"आणि ती मामांची गोष्ट ऐकायला उठली?" विहीणबाई म्हणाल्या.

"नाही, पाणी प्यायला. मॅडम, चूक माझी आहे. मामाच्या तोंडाच्या धास्तीने मी सुकी हवा पूर्ण सोडली आणि थेंब कडकडीत वाळवले. शाबूत शिडीसुद्धा वाळली की अंग चोरून बसते, मोडल्यासारखी दिसते. म्हणून सगळी शिखरं सरकली. पण शाबूत असेल ती ओलावा मिळाला की पुन्हा ऐसपैस उभी राहते. मोडलेलीला उठता येत नाही."

"आणि वाफेचे काटे?" मी विचारलं.

"ते पलीकडच्या उतारावर. आपलं शिखर अलीकडे. मी उगाच घाबरले."

"हं," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या त्या 'हं'मध्ये मला पहिल्यांदाच जागा दिसली, पाऊल ठेवण्यापुरती. "म्हणजे परत येईल ती शाबूत, येणार नाही ती बिघडलेली. असंच ना? मग कर उरलेल्या पाचही. माझ्यासमोर."

मग जे झालं ते त्या लॅबमध्ये ना पूर्वी कधी झालं, ना पुढे होईल. मी थेंब ठेवायचा, सुक्या हवेने तो वाळवायचा, आणि मग झाकण उघडून त्याच्या कानात गोष्ट सांगायची. लाल डिशला मी फोरमनचं नाक सांगितलं: दुधी भोपळ्याएवढं, आणि थंडीत त्याला वेगळा मफलर. लाल ढिम्म. निळीला मालकाचा कंजूषपणा सांगितला: घड्याळ झिजू नये म्हणून तो वेळ शेजाऱ्याला विचारायचा. निळी ढिम्म. हिरवी दोन वाक्यांत उठून बसली. जांभळी तर मी घसा खाकरला तेव्हाच निघाली. ट्रॉलीवाला चादरीवर बसून ऐकत होता. विहीणबाई पडद्याकडे बघत होत्या, पण त्यांचा एक कान माझ्याकडे होता. मी कान ओळखतो.

शेवटी पिवळी घेतली. तिला मी सगळ्यात रंगतदार भाग दिला. "एक दिवस पट्टा भलताच वेगात सुटला. भिंती थरथरायला लागल्या. सगळे ओरडले, फोरमन, शिंका! फोरमनने पुडी हुंगली. काही नाही. अख्खी पुडी नाकात ओतली. काही नाही! कारण त्या दिवशी त्याला झालं होतं पडसं. नाक ठार बंद!"

पिवळीचं शिखर जागचं हललं नाही.

भाचीने पडद्याकडे एकदा नीट पाहिलं आणि वळून म्हणाली, "लाल, निळी आणि पिवळी भाजलेल्या. हिरवी, जांभळी, पांढरी शाबूत. हे माझं उत्तर."

विहीणबाई उठल्या. "पाच बरोबर," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. "पिवळी चूक. पिवळी मी भाजलेली नाही."

ट्रॉलीचं चाक कुरकुरलं. भला माणूस, पण हुकमाचा ताबेदार.

"मामा, पिवळीचा नवा थेंब," भाची म्हणाली.

मी नवा थेंब ठेवला, वाळवला आणि फोरमनच्या नाकापासून पुन्हा सुरुवात केली. घशाला कोरड पडेपर्यंत बोललो. शिखर तिथेच. मी भाचीच्या कानाशी लागून म्हटलं, "अगं, सहातल्या पाच म्हणजे काही थोडं नाही. जरा नमतं घे. विहीणबाई आहेत, दगड नाहीत."

"पिवळी मोडलेली आहे, मामा. मी काय नमतं घेऊ? ती उठत नाहीये." मग ती सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. "आई, तुम्ही भाजली नसेल. पण ती भाजलेली आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. शेपूट बघा."

लॅबमध्ये ती पहिल्यांदाच आई म्हणाली होती.

विहीणबाई ट्रॉलीवाल्याला म्हणाल्या, "तू थांब. चहा घे. हलवायचं ते संध्याकाळी हलव." आणि पिवळी डिश उचलून आपल्या खोलीत गेल्या.

दुपार जाता जाईना. जेली घट्ट व्हायला वेळ लागतो, विजेला वेळ लागतो, रंग चढायला वेळ लागतो. भाचीने डबा उघडला आणि चक्क जेवली, डाव्या हाताने, सांडत.

"तुला भीती वाटत नाही?" मी विचारलं.

"सकाळी वाटली होती. सहाही सरकली तेव्हा. कारण तेव्हा का ते कळत नव्हतं. आता कळलंय. लोणी हवंय का तुला?"

उन्हं कलली तेव्हा हाक आली. "मामा, इकडे या. तुमची नजर ताजी आहे." विहीणबाईंची खोली अंधारलेली होती. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळ्याभोर आभाळात हिरवे ठिपके, आणि एकेका ठिपक्यामागे लांबलचक, झुपकेदार...

"शेपटं!" मी ओरडलो. "विहीणबाई, ही तर सगळी शेपटंच!"

"मोजा तरी."

"कशाला मोजू? बिनशेपटाचा एक दाखवा!"

त्या अतिनील दिव्याच्या कपाटाशी गेल्या, रिकाम्या डिश घेतल्या आणि सकाळी मांडल्या होत्या तशा पुन्हा मांडल्या. भाजायच्या दिव्याखाली. न भाजायच्या बाजूला, उभ्या पुठ्ठ्याच्या आडोशाला. झाकणं सगळ्यांचीच काढलेली, कारण विहीणबाईंच्या राज्यात पक्षपात नाही: भाजायची असो की नसो, सगळ्यांना वागणूक सारखी. मग त्यांनी कपाटाचं दार लावलं. खट्! दाराच्या हिसक्याने पुठ्ठा बोटभर सरकला आणि कडेच्या डिशचं अर्धं अंग उघड्यावर आलं.

"पुठ्ठा," त्या म्हणाल्या.

दुसरं कुणी असतं तर दार हळू लावून पुठ्ठा गुपचूप सरळ केला असता. खोलीत मी एकटा, आणि माझ्या सांगण्यावर जगात कुणाचा विश्वास? पण विहीणबाईंनी दार उघडं टाकलं, पुठ्ठा होता तसा वाकडा ठेवला आणि भाचीला हाक मारली. "ये, बघ. तुझी पिवळी इथे भाजली. मी भाजली आणि मलाच पत्ता नाही. तुला मात्र डबा खायच्या आत कळलं."

भाचीने आधी पुठ्ठा पाहिला, मग सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "आई, शेपटं काय सुरेख आलीत हो," ती म्हणाली. आणि ते खरंच मनापासून म्हणाली.

"लोणी लावू नकोस. उद्यापासून माझी प्रत्येक डिश आधी तुझ्याकडे येईल. तू उठव, जी उठणार नाही तिचं शेपूट मी काढीन." मग बाहेर येऊन त्यांनी ट्रॉलीवाल्याला सांगितलं, "रिकामी ने. आणि साहेबांना म्हणावं, सहाच्या सहा. चुकले होते ती मी."

तो चादरीची घडी घालत म्हणाला, "बरं झालं बाई. गोष्ट राहिली असती."

मला वाटलं, आता आपली तिथे कायमची नेमणूक. गोष्टी सांगण्याबद्दल मानधन, कोटावर नाव. दुसऱ्या आठवड्यात डबा द्यायला गेलो तर यंत्राच्या पोटात एक इवलीशी वाटी, तिच्यात ओल्या कापसाचा बोळा.

"हे काय?"

"हा तू," भाची म्हणाली. "ओलावा तेवढाच पण कायम एकसारखा, म्हणून काटे नाहीत, आणि 'एकदा काय झालं' म्हणत नाही."

बोळ्याने माझी जागा घेतली! मी तोंड पाडून निघालो, तर जिन्यात मागून पावलं वाजली. विहीणबाई. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घातले आणि हळूच म्हणाल्या,

"अहो मामा, ते... पट्टा सुटला, नाक बंद. पुढे काय? आली का त्याला शिंक?"

आता आली का पंचाईत! मला ठाऊकच नव्हतं. गेली कित्येक वर्षं ती गोष्ट सांगतोय, पण पडशाच्या पुढे मला कुणी जाऊच दिलं नव्हतं. इथपर्यंत आलो की बहीण उठून दिवा लावते, मेहुणे चप्पल शोधतात.

"विहीणबाई," मी पायरीवर जागा करत म्हटलं, "बसा. अशी उभ्याने ऐकायची शिंक नव्हे ती."